अग्निशामक निवडायचा कसा, टांगायचा कुठे आणि चालवायचा कसा

प्रशिक्षणाच्या वर्गात मी एक प्रश्न नेहमी विचारतो. इलेक्ट्रिक पॅनलमधून ज्वाळा येताहेत, कोणता अग्निशामक घ्याल? सगळे एका सुरात सांगतात, "सीओटू!", म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूचा. थोड्या वेळाने, कुणाला आगाऊ कल्पना न देता, मॉक ड्रिल घेतो. मघाशी बरोबर उत्तर देणारे बरेच जण धावत सुटतात आणि वाटेत जो पहिला लाल सिलिंडर दिसेल तोच उचलून आणतात. कधी तो पाण्याचा असतो, कधी फोमचा. यात त्यांचा काही दोष नाही. घाबरलेला माणूस लेबल वाचत बसत नाही, हाताला येईल ते उचलतो.

म्हणजे अग्निशामकाची निवड आगीच्या वेळी होतच नाही. ती कित्येक महिने आधी, भिंतीवर ब्रॅकेट ठोकताना होऊन गेलेली असते. त्या जागी चुकीचा सिलिंडर टांगला असेल, तर समोरचा माणूस कितीही हुशार असला तरी तो चुकीचाच सिलिंडर वापरणार. म्हणून या लेखातला मोठा भाग आगीच्या आधीच्या कामांबद्दल आहे.

पहिलं काम: वही घेऊन फेरी मारा

खरेदीच्या कोटेशनपासून सुरुवात करू नका. आधी प्रत्येक खोलीत, प्रत्येक मशीनपाशी उभं राहून एकच प्रश्न विचारा: इथे आग लागली तर पेटेल काय? उत्तर वहीत लिहा. कागद, पुठ्ठा, लाकूड, कापड, फोमच्या गाद्या यांसारखं जळून निखारे होणारं सगळं ए वर्गात येतं. पेट्रोल, डिझेल, थिनर, रंग, सॉल्व्हंट, वंगण तेल हे ज्वलनशील द्रव बी वर्गात. एलपीजी, ॲसिटिलिन, हायड्रोजन हे वायू सी वर्गात. मॅग्नेशियम, सोडियम, टायटॅनियम, ॲल्युमिनियमचा कीस किंवा भुकटी हे डी वर्गात. तळण्याचं तेल आणि चरबी एफ वर्गात.

इथे अक्षरांचा एक घोटाळा होतो, तो माहीत असलेला बरा. आंतरराष्ट्रीय वर्गवारीत आणि भारतातही सी म्हणजे वायू. अमेरिकी वर्गवारीत मात्र सी म्हणजे चालू विजेची उपकरणं, आणि तळणाच्या तेलाला तिथे के म्हणतात. परदेशी बनावटीच्या सिलिंडरवर 'बीसी' दिसलं की तो कोणत्या पद्धतीचा सी आहे, हे लेबलवरच्या चित्रावरून तपासा. वायूसाठी बर्नरच्या ज्वाळेसारखं चित्र असतं, विजेसाठी प्लग आणि वायरचं.

आंतरराष्ट्रीय वर्गवारीत विजेला वेगळं अक्षर नाही, आणि त्यामागे कारण आहे. वीज स्वतः जळत नाही, ती आग लावते आणि आगीला उष्णता पुरवत राहते. जळतं ते वायरचं इन्सुलेशन, प्लॅस्टिक, साचलेली धूळ. मेन स्विच बंद केला की ती आग बहुतेक वेळा साधी ए वर्गाची होऊन बसते. म्हणून फेरी मारताना वहीत आणखी एक रकाना ठेवा: इथला वीजपुरवठा कुठून बंद होतो? पॅनल रूमला कुलूप असेल तर किल्ली कुणाकडे, हेही लिहून ठेवा.

दुसरं काम: आत काय भरलंय ते समजून घ्या

आगीला चार गोष्टी लागतात: इंधन, उष्णता, ऑक्सिजन आणि ज्वाळेतली रासायनिक साखळी. प्रत्येक प्रकारचा अग्निशामक यातल्या एका किंवा दोन गोष्टींवर घाव घालतो. कोणता कशावर घालतो हे एकदा कळलं की तक्ता पाठ करावा लागत नाही.

पाणी उष्णता काढून घेतं. कागद, लाकूड, कापड यांच्या आत मुरलेला निखारा विझवायला त्याच्यासारखं काही नाही, कारण ते आत झिरपतं. पण चालू विजेवर आणि तेलावर ते घातक आहे. तळणाचं पेटलेलं तेल ३०० अंश सेल्सिअसच्या बरंच वर असतं. पाणी तेलापेक्षा जड, त्यामुळे ते खाली जातं, तिथे क्षणात वाफ होतं, आणि १ लिटर पाण्याची साधारण १७०० लिटर वाफ होते. ती वाफ जळतं तेल थेंबाथेंबांत फोडून वर उडवते आणि छतापर्यंत आगीचा लोळ उठतो. प्रशिक्षणाच्या मैदानावर सुरक्षित अंतरावरून हे एकदा पाहिलं की आयुष्यभर विसरत नाही.

डिआयनाइज्ड, म्हणजे क्षार काढून टाकलेल्या पाण्याचं धुकं मारणारे काही अग्निशामक विजेसाठी चाचणी घेतलेले असतात. लेबलवर '१००० व्होल्टपर्यंत, १ मीटर अंतरावरून' असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच त्यावर विसंबा.

फोम द्रवाच्या पृष्ठभागावर पांघरूण घालतो. वाफ वर येत नाही, ऑक्सिजन खाली जात नाही. रंगाचं गोदाम, डिझेल जनरेटर, सॉल्व्हंटची जागा यांसाठी चांगला, आणि ए वर्गालाही चालतो. मात्र अल्कोहोल, ॲसिटोनसारखे पाण्यात मिसळणारे द्रव साध्या फोमचं पांघरूण फोडून टाकतात. तुमच्याकडे सॅनिटायझर किंवा स्पिरिटचा साठा असेल, तर अल्कोहोल-रोधक फोम हवा, हे पुरवठादाराला वेगळं सांगावं लागतं. जुन्या फोममधली फ्लोरिनयुक्त रसायनं निसर्गात वर्षानुवर्षं टिकून राहतात, म्हणून अनेक देशांत त्यांच्यावर निर्बंध येत आहेत. नवीन घेताना फ्लोरिनमुक्त आहे का ते विचारा.

ड्राय केमिकल पावडर सर्वांत जास्त विकली जाते, आणि माझ्या मते गरजेपेक्षा जास्त. एबीसी पावडरमध्ये मोनोअमोनियम फॉस्फेट असतं. ते ज्वाळेतली साखळी तोडतं, आणि तापलेल्या लाकडावर-कागदावर वितळून थर धरतं. झपाट्याने ज्वाळा पाडण्यात तिला तोड नाही, आणि वर्कशॉप, गोदाम, पार्किंग, उघडं आवार इथे मी तिचीच शिफारस करतो. पण बंद ऑफिसात ती मारली की दोन सेकंदांत समोरचं दिसेनासं होतं, श्वास कोंडतो, आणि बाहेर पडायचा दरवाजाही सापडत नाही. ही पावडर दमट हवेत धातू गंजवते. एका ऑफिसात कचऱ्याच्या डब्याएवढी आग पावडरने विझली, पण शेजारच्या सर्व्हर रॅकमधल्या पंख्यांनी पावडर आत ओढली आणि नंतर सगळं रॅक बदलावं लागलं. आग विझवणाऱ्याने काहीच चूक केली नव्हती. त्या खोलीबाहेर तोच एक सिलिंडर टांगलेला होता.

बीसी पावडरमध्ये सोडियम किंवा पोटॅशियम बायकार्बोनेट असतं. ती निखाऱ्यावर थर धरत नाही, म्हणून कागद-लाकडासाठी उपयोगाची नाही.

सीओटू मागे काहीच कचरा ठेवत नाही आणि वीज वाहून नेत नाही. पॅनल, सर्व्हर, प्रयोगशाळेतली उपकरणं यांच्यासाठी म्हणूनच तो योग्य. त्याच्या तीन मर्यादा मात्र नीट लक्षात ठेवा. पल्ला जेमतेम १ ते २ मीटर, तोही वारा नसेल तर. थंडावा वरवरचा, त्यामुळे वायू पांगला की तापलेली वस्तू पुन्हा पेट घेऊ शकते. आणि तो ऑक्सिजनची जागा घेतो, माणसाचीही गय करत नाही. ४.५ किलो सीओटू मोकळा झाला की त्याचा सुमारे अडीच घनमीटर वायू होतो. ३ मीटर लांब, रुंद आणि उंच अशा बंद खोलीत हे प्रमाण ९ टक्क्यांच्या आसपास जातं, आणि एवढ्या प्रमाणात काही मिनिटांत शुद्ध हरपू शकते. हा वायू हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असतो, त्यामुळे तळघरात आणि खड्ड्यात साचतो. छोट्या खोलीत मारायचा तर दारातून मारा, दार ओढून घ्या, आणि हवा खेळती होईपर्यंत आत जाऊ नका.

वेट केमिकल हा कँटीनसाठीचा अग्निशामक. त्यातले पोटॅशियमचे क्षार गरम तेलाशी मिळून साबणासारखा फेस तयार करतात. तो तेलावर झाकण घालतो आणि तेल थंडही करतो, म्हणून ते पुन्हा पेटत नाही. मला यातलं एक गोड साम्य आवडतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश कॅप्टन जॉर्ज विल्यम मॅन्बी याने हातात धरायचा जो अग्निशामक बनवला, त्या तांब्याच्या भांड्यातही दाबाखालच्या हवेसोबत पोटॅशियम कार्बोनेटचं पाणीच होतं.

क्लीन एजंट म्हणजे अवशेष न ठेवणारे रासायनिक वायू. पूर्वी हे काम हॅलॉन करत असे, पण तो ओझोनचा थर खातो म्हणून १९८७च्या माँट्रियल करारानंतर त्याचं उत्पादन टप्प्याटप्प्याने बंद झालं. कुठल्या कपाटात जुना हॅलॉनचा सिलिंडर सापडला तर तो रिकामा करून टाकू नका, अधिकृत सर्व्हिस एजन्सीकडे द्या.

डी वर्गासाठी वेगळीच पावडर लागते, मीठ किंवा ग्रॅफाइटवर आधारलेली. जळतं मॅग्नेशियम पाण्यातून हायड्रोजन मोकळा करतं आणि सीओटूमध्येही जळत राहतं, त्यामुळे नेहमीचे सगळे सिलिंडर इथे उलटे पडतात. ज्यांच्याकडे धातूचं मशिनिंग होतं त्यांनीच याचा विचार करायचा आहे. पण त्यांनी तो नक्की करायचा आहे.

लिथियम-आयन बॅटरीबद्दल आता प्रत्येक वर्गात विचारलं जातं. तिच्या नावात धातू असला तरी ही डी वर्गाची आग नाही. एक सेल तापला की शेजारचा तापतो, आणि सेल स्वतःच उष्णता व ज्वलनशील वायू तयार करतात, त्यामुळे पांघरूण घालून काही साधत नाही. पावडर आणि सीओटू ज्वाळा पाडतात, पण ती तासाभराने पुन्हा पेटू शकते. खरा उपाय भरपूर पाणी आणि बराच वेळ गारवा. लॅपटॉप किंवा मोबाइलएवढी बॅटरी असेल तर चार्जर मेनपासून तोडून लांबून पाणी मारता येतं. इलेक्ट्रिक स्कूटर किंवा यूपीएसच्या बॅटरी बँकेपुढे मात्र हातातला सिलिंडर घेऊन उभं राहू नका. तिचा धूर विषारी असतो. दार लावा, माणसं बाहेर काढा, अग्निशमन दलाला बॅटरी असल्याचं आवर्जून सांगा.

तिसरं काम: आकार ठरवताना उचलून बघा

सिलिंडरवर किलो लिहिलेले असतात ते आतल्या मालाचे. ४.५ किलोचा पोलादी सीओटू सिलिंडर प्रत्यक्षात त्याच्या तिपटीच्या आसपास भरतो, कारण साधारण हवामानात ५५ ते ६० बार दाब सोसणारं भांडं जाडजूड असावं लागतं. त्या विभागात रोज काम करणाऱ्या माणसाला तो उचलून दहा पावलं चालायला सांगा. जमलं नाही तर लहान आकाराचे दोन घ्या. पाठदुखीचा त्रास असलेल्या, उंचीने लहान असलेल्या सहकाऱ्यालाही विचारा, कारण रात्रपाळीला तिथे तेच एकटे असू शकतात.

दोन सिलिंडरांची तुलना करताना किलोपेक्षा रेटिंगचा आकडा पाहा. युरोपीय पद्धतीत १३ए म्हणजे १.३ मीटर लांबीचा ठरावीक लाकडी ढीग चाचणीत विझवला, आणि ११३बी म्हणजे ११३ लिटर द्रवाची पेटलेली ट्रे विझवली. सारख्याच वजनाच्या दोन सिलिंडरांत हा आकडा बराच वेगळा निघतो.

चौथं काम: जागा

अग्निशामक धोक्याच्या डोक्यावर टांगायचा नसतो. तो धोक्याकडून बाहेरच्या दाराकडे जाण्याच्या वाटेवर टांगायचा. शेगडीच्या वरचा सिलिंडर घ्यायला ज्वाळांवरून हात घालावा लागतो. पॅनल रूमच्या आतल्या सिलिंडरसाठी धुरात शिरावं लागतं. दाराजवळ टांगला की माणूस आधी दाराकडे जातो, तिथे वळतो, आणि मग ठरवतो. परत जायचं नसेल तर तो आधीच दाराशी असतो.

धोका आणि सिलिंडर यांच्यातलं चालण्याचं अंतर किती असावं हे स्थानिक नियमांत दिलेलं असतं आणि धोक्यानुसार बदलतं. तेल-सॉल्व्हंटच्या जागी ते बरंच कमी लागतं. हे अंतर नकाशावर सरळ रेघ ओढून मोजू नका, टेबलं आणि रॅक यांना वळसे घालून चालत मोजा. जड सिलिंडरचं हँडल कमरेच्या आसपास, हलक्याचं छातीच्या उंचीला. वर लांबून दिसेल अशी पाटी. आणि एक जागा एका जातीसाठी: जिथे तेलाचा किंवा विजेचा धोका आहे, तिथून पाण्याचा सिलिंडर हलवा.

दार उघडं ठेवायला लावलेला, कोट टांगलेला, खोक्यांमागे गेलेला सिलिंडर मला जवळपास प्रत्येक तपासणीत सापडतो. सांगून फरक पडत नाही. खाली जमिनीवर पिवळा चौकोन रंगवला की पडतो.

पाचवं काम: महिन्यातून एकदा दोन मिनिटं

दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा हिरव्यात आहे ना, सेफ्टी पिन आणि तिचं सील शाबूत आहे ना, होजला चीर नाही ना, अंगावर गंज किंवा पोचा नाही ना. नोझलमध्ये डोकावून बघा, कुंभारमाशी तिथे हमखास मातीचं घर करते. सर्व्हिसची आणि प्रेशर टेस्टची तारीख वाचा. मग टॅगवर सही करा.

सीओटूला गेज नसतो, हे लक्षात ठेवा. आत द्रव असेपर्यंत दाब तेवढाच राहतो, त्यामुळे गेज काही सांगूच शकत नाही. त्याची तपासणी म्हणजे वजन. व्हॉल्व्हवर किंवा मानेवर रिकाम्या सिलिंडरचं वजन कोरलेलं असतं. आतला माल दहा टक्क्यांहून जास्त घटला असेल तर भरायला पाठवा. पावडरच्या बाबतीत उलट फसगत होते. काटा हिरव्यात असतो, पण आत ओल शिरून पावडरचे गठ्ठे झालेले असतात. म्हणून वर्षातून एकदा जाणकार तंत्रज्ञाकडून सर्व्हिसिंग हवंच, आणि तंत्रज्ञ आल्यावर कुणीतरी शेजारी उभं राहावं. नुसतं स्टिकर बदलून गेलेले मी पाहिले आहेत.

आग लागलीच तर

सिलिंडरला हात लावण्याआधी ओरडा, अलार्म वाजवा, दुसऱ्या कुणाला तरी अग्निशमन दलाला फोन करायला सांगा. एकट्याने गुपचूप विझवण्याचा प्रयत्न करू नका. वीज किंवा गॅस सुरक्षितपणे बंद करता येत असेल तर करा. नळीतून येणाऱ्या गॅसची ज्वाळा व्हॉल्व्ह बंद न करता विझवू नये. न जळलेला वायू खोलीत साचतो आणि मग ठिणगीने स्फोट होतो.

मग स्वतःला विचारा. आग कचऱ्याच्या डब्याएवढीच आहे का? माझ्या पाठीशी दार आहे का? धूर डोक्याच्या वर आहे का? काय जळतंय हे मला ठाऊक आहे का? एकाचंही उत्तर 'नाही' असेल तर दार ओढून घ्या आणि बाहेर पडा. ६ किलोचा पावडर सिलिंडर साधारण १५ ते २० सेकंद चालतो, लहान त्याहून कमी. एवढ्या वेळात जी आग विझत नाही ती तुमची राहिलेली नसते.

लढायचं ठरलं तर असं करा:

१. हँडल दाबलेलं नाही याची खात्री करून पिन फिरवून ओढा. हँडल दाबलं असेल तर पिन अडकते, घाबरलेल्या हातांची हीच चूक सर्वांत जास्त होते.
२. आगीकडे जाण्याआधी एकदा क्षणभर मारून बघा, चालतो आहे ना.
३. नोझल ज्वाळेवर नाही, मुळाशी रोखा.
४. हँडल पूर्ण दाबा आणि दाबून ठेवा.
५. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत झाडू मारल्यासारखं फिरवत पुढे सरका.

पावडर २-३ मीटरवरून सुरू करा. जवळून मारली तर दाबाने पेटलेलं द्रव उडतं. फोम द्रवात खुपसू नका, मागच्या भिंतीवर किंवा कडेवर मारून तो आपोआप पसरू द्या. वेट केमिकल हात लांब करून, वरून हळुवार फवारा, ज्वाळा विझल्यावरही सिलिंडर संपेपर्यंत थांबू नका. सीओटूचा हॉर्न, म्हणजे टोकाचं भोंग्यासारखं तोंड, हाताने धरू नका. वायू बाहेर येताना उणे ७८ अंशांचा बर्फ होतो आणि कातडी चिकटते. होज किंवा इन्सुलेटेड मूठ धरा. तो फार मोठ्याने फुत्कारतो, आणि पहिल्यांदा वापरणारा दचकून हँडल सोडून देतो. हा आवाज एकदा ऐकवण्यासाठी तरी सगळ्यांकडून प्रत्यक्ष सराव करून घ्या, व्हिडिओवर भागवू नका. मुदत संपून रिफिलिंगला जाणारे सिलिंडर त्यासाठीच वापरता येतात.

सहकाऱ्याच्या कपड्यांनी पेट घेतला तर त्याला जमिनीवर झोपवून लोळवा, जाड सुती किंवा लोकरी पांघरूण घाला, पाणी ओता. चेहऱ्याकडे कधीच कोणताही अग्निशामक रोखू नका.

विझल्यावर

पाठ न फिरवता मागे मागे सरका. नजर तिथेच ठेवा, निखारा आणि तेल दोन्ही पुन्हा पेटतात. अग्निशमन दलाला बोलावलं असेल तर आग विझली तरी त्यांना येऊन तपासू द्या, छताच्या पोकळीत आणि भिंतीमागे काय चाललंय ते आपल्याला दिसत नाही.

वापरलेला सिलिंडर परत ब्रॅकेटवर टांगू नका, भले तुम्ही दोनच सेकंद दाबला असेल. पावडरचे कण व्हॉल्व्हच्या सीटमध्ये अडकतात, झडप पूर्ण बसत नाही, आणि दाब पुढच्या काही तासांत किंवा दिवसांत गुपचूप निघून जातो. त्याला 'वापरलेला' अशी चिठ्ठी बांधून जमिनीवर आडवा ठेवा, म्हणजे कुणी भरलेला समजून उचलणार नाही. आणि रिफिलिंगला पाठवण्याआधी त्या रिकाम्या जागी त्याच जातीचा दुसरा आणून लावा.